दहाव्या वर्षी आई, बाराव्या वर्षी मतदार

आमची आई दहाव्या वर्षी आई झाली आणि बाराव्या वर्षी तिने मतदान केलं. हसू नका, सरकारी कागद तसंच म्हणतो. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे 1 जानेवारी 1959. दादाच्या शाळेच्या दाखल्यावर साल आहे 1969, म्हणजे तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं ते वर्ष. आणि 1971 च्या लोकसभेला गाय-वासरावर शिक्का मारल्याचं ती आजही सांगते. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं. म्हणजे आज ती पंच्याहत्तरीला नक्की पोचली आहे. कार्डावर मात्र सत्तरी 2029 मध्ये!

ही 1 जानेवारी आली कुठून? नवापुरात आधारचं शिबिर लागलं होतं तेव्हा मी आईबरोबर होतो. मशीनवरच्या मुलाने विचारलं, "आजी, जन्मतारीख?" आई म्हणाली, "होळीच्या आधी, बाबा." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, अंदाज बांधला आणि साल ठोकून दिलं. आई तेव्हा तब्येतीने चांगली होती, त्याचा हा दंड. आमच्या आळीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच असतो. (मामा, तुमचासुद्धा. एकाच केकमध्ये भागेल.)

इतकी वर्षं ही गंमत होती. पावसाळ्यात आई ओट्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. रेशनकार्डावर महात्मा फुले योजना आहे, पाच लाखांची, पण ती अख्ख्या कुटुंबाची वर्षाची रक्कम. दादाच्या किमोत ती संपत आलेली. खुबा थांबत नाही. वहिनीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या.

आता ऐका. 29 ऑक्टोबर 2024 पासून केंद्र सरकार सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड देतं. उत्पन्नाची अट नाही. घर आधीच आयुष्मानमध्ये असलं तर म्हाताऱ्या माणसाला वरचे पाच लाख वेगळे, त्यात घरातल्या तरुणांचा वाटा नाही. आमच्यासारख्या घरासाठीच जणू केलेली योजना. चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. माझं भांडण आहे ते वय फक्त आधारवरूनच ठरवायच्या अटीशी.

कारण त्याच्या पाचच दिवस आधी, 24 ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात उच्च न्यायालयाने आधारवरून धरलेलं वय बाजूला सारलं आणि शाळेचा दाखला मानला. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं खुद्द आधार प्राधिकरणानेच डिसेंबर 2023 च्या परिपत्रकात म्हटलेलं. पुढच्याच महिन्यात भविष्य निर्वाह निधीवाल्यांनीही आधार जन्मतारखेच्या पुराव्यांतून काढून टाकलं. म्हणजे भरपाईला चालत नाही, पीएफला चालत नाही, आणि पंच्याहत्तरीच्या बाईला ऑपरेशन नाकारायला मात्र अगदी पक्कं चालतं!

"मग दुरुस्त करून घ्या ना," असं सुविधा केंद्रातला म्हणाला. कशावर? जन्माचा दाखला नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आता जन्मनोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा, आणि त्यासाठी पुन्हा पुरावे. शिवाय आधारवरची जन्मतारीख एरवी एकदाच बदलता येते. चूक करणाऱ्याला दोन सेकंद लागले.

खोटी वयं लावून लोक घुसतील, असं माझा एक ब्लॉगर मित्र म्हणतो. घुसतीलही काही. पण छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा मुलगा खोटा कुठून आणायचा? मोठ्या मुलाचा शाळेचा दाखला आणि जुन्या मतदारयादीतलं नाव, एवढं धरलं तरी आमच्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ बायका उद्या सत्तरीत जातील. ज्यांच्या पिढीत मुलींना शाळेत घातलंच नाही, त्यांच्याकडेच दाखला मागायचा, हा कसला न्याय?

असो. आई वॉकर घेऊन ओटीवर येते आता. दादाच्या दाखल्याची प्रत काढून ठेवली आहे, जुनी मतदारयादी कुठे मिळेल ते बघतोय. पालघर-बोईसरकडच्या कुणी अशी दुरुस्ती करून घेतली असेल तर कुठला कागद चालला ते जरूर कळवा.