तांब्याचा नाल आणि आयुर्वेदाचा शिक्का

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कुंभारी येथील आमच्या चिकित्सालयात एक गृहस्थ आले. अक्कलकोट रस्त्यालगत त्यांचा घोड्यांचा पिढीजात व्यवसाय. पूर्वी टांगा, आता वराती आणि मिरवणुका. स्वतःच्या गुडघ्यांसाठी ते अनेक वर्षे आमच्याकडे येतात. त्या दिवशी मात्र गुडघ्यांचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्यांच्या पांढऱ्या घोडीच्या मागच्या दोन्ही खुरांना दुर्गंधी सुटली होती, तळव्याच्या मधल्या मऊ भागातून काळपट स्राव येत होता आणि कोणीतरी त्यांना भ्रमणध्वनीवर परदेशातील तांब्याच्या नालांची चित्रफीत दाखविली होती. “डॉक्टरसाहेब, तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या म्हणून तुम्हीच सांगता की. पायाला काशाची वाटी तुम्हीच घासता की. मग घोडीच्या पायाला तांबं का नको?”

प्रश्न बिनतोड होता. त्याच महिन्यात एका औषधालयचालक स्नेह्यांनीही आम्हाला विचारले की, असे नाल मागवून त्यावर ‘आयुर्वेदोक्त’ अशी पट्टी लावून विकण्यास काही हरकत आहे काय? पहिल्या प्रश्नाने आम्हाला विचारात पाडले, दुसऱ्याने अस्वस्थ केले. त्या अस्वस्थतेतूनच प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती. युरोप-अमेरिकेत ताम्रमिश्रधातूचे नाल मिळतात, तसेच तांब्याचा मुलामा दिलेले खिळेही मिळतात. दावा असा की, ओलसर खुराशी संबंध आल्यावर धातूतून तांब्याचे सूक्ष्म अंश सुटतात आणि खूर कुजविणारे जंतू त्यामुळे मरतात. या दाव्याचा पाया पोकळ नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 साली तांबे व त्याचे अनेक मिश्रधातू यांची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणी केली. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातील अतिसारकारक जंतू नष्ट होतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. परंतु 2008 च्या त्या नोंदणीतील एका अटीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पृष्ठभाग नियमितपणे स्वच्छ केलेला असला पाहिजे, ही ती अट. रुग्णालयातील दाराची मूठ पुसता येते. शेणामुताच्या लगद्यात रात्रभर उभ्या असलेल्या घोडीच्या नालाचे काय?

दुसरी अडचण रचनेची आहे. नाल टेकतो तो खुराच्या बाहेरील कडेवर. सडण्याची सुरुवात बहुधा होते ती तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या बाजूच्या खाचांत. तेथे नाल पोहोचतच नाही. खिळ्यांच्या छिद्रांत आणि भिंत व तळवा यांच्या सांध्याशी तांब्याचा काही उपयोग होत असेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या रोगासाठी गृहस्थ आमच्याकडे आले होते, त्या रोगाच्या जागेपासून नाल तीन-चार बोटे दूर राहतो. काशाच्या वाटीने तळपाय घासले असता जो काळेपणा उमटतो, त्याला ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ असे म्हणण्याची सवय आपल्यातील अनेकांना आहे. तो काळेपणा तूप, घाम आणि धातू यांच्या संयोगाचा आहे. वाटीने घासल्यावर रुग्णाला बरे वाटते, ते आम्हीही अनुभवतो; पण रंगाचा पुरावा देऊन जे सांगतो ते बरोबर नाही. उद्या ताम्रनाल काढल्यावर खुराला लागलेला हिरवट रंग पाहून आपण असेच काही सांगू लागू, ही आमची भीती.

आता शास्त्राकडे वळू. अश्वचिकित्सा ही आपल्या परंपरेची खरीखुरी शाखा आहे. शालिहोत्राचे नाव या शास्त्राला इतके चिकटले की, उत्तरेत घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणत. जयदत्ताचे अश्ववैद्यक, नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सित, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद ही ग्रंथसंपदा अभिमान वाटावा अशीच आहे. कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात अश्वचिकित्सकांची कर्तव्येही सांगितली आहेत. परंतु ‘नाल’ हा शब्दच अरबी आहे आणि ‘नालबंद’ यातील ‘बंद’ फारसी. मराठ्यांच्या लष्करी व्यवहारात शिलेदाराला आगाऊ दिल्या जाणाऱ्या रकमेला ‘नालबंदी’ म्हणत, ती याच शब्दावरून. वस्तू जिकडून आली तिकडचा शब्द तिच्यासोबत आला. खिळ्यांनी ठोकलेल्या ताम्रनालाला ‘आयुर्वेदोक्त’ म्हणणे म्हणजे ज्या ग्रंथांचा अभिमान सांगावयाचा तेच न वाचल्याची कबुली होय.

मग आपल्याकडे तांबे नाही काय? आहे, आणि व्रणाच्या अगदी जवळ आहे. सुश्रुताच्या ऊषकादि गणात तुत्थ आहे. आपणा प्रत्येकाच्या फळीवर असलेल्या जात्यादि तैलात व घृतात तुत्थ आहे. लेखन, कृमिघ्न, कुष्ठघ्न हे त्याचे गुण आपण पदवीच्या वर्षांत पाठ केले. आधुनिक पशुवैद्यकातही गायी-म्हशींच्या खुरांसाठी मोरचुदाच्या सुमारे 5 टक्के द्रावणातून जनावरे चालविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. म्हणजे खुरासाठी तांबे ही कल्पना आपल्याला परकी नाही. परका आहे तो नाल. धातू तांब्याचे अंश कणाकणाने सोडतो, तुत्थ ते एकदम सोडते. पहिल्याचा परिणाम कदाचित अपुरा, दुसऱ्याचा सहज अतिरिक्त. या दुसऱ्या वाक्याची किंमत आम्ही मोजलेली आहे, म्हणून ते जपून लिहितो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने बैलाच्या खुराची तक्रार सांगितली. आमच्याकडे तो आईला घेऊन आला होता. बैलाचा विषय जाता जाता निघाला. आम्हीही जाता जाताच सांगितले, मोरचूद पाण्यात घोळून लाव. प्रमाण विचारले तेव्हा ‘थोडे’ म्हटले. बाजारातून त्याने वर्तमानपत्राच्या पुडीत मोरचूद आणला, बादलीत मुठीने घातला आणि दोन वेळा खूर त्यात बुडवून धरला. कुजलेल्या भागाबरोबर जिवंत मांसही जळाले. ऐन ऊसतोडीच्या हंगामात बैल तीन आठवडे गोठ्यात बसून राहिला. उरलेल्या निळ्या पाण्याची बादली झाकलेली नव्हती. शेजाऱ्याच्या दोन मेंढ्यांनी त्यात तोंड घातले आणि दुसऱ्या दिवशी त्या दगावल्या. शवविच्छेदन कोणी केले नाही. परंतु पाळीव जनावरांत मेंढीला तांबे सर्वांत कमी सोसते हे नंतर वाचल्यावर आमच्या मनात शंका उरली नाही. शेतकरी पुढेही आईला घेऊन येत राहिला. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि आम्हालाही काढण्याचे धैर्य झाले नाही.

यातील चूक केवळ प्रमाणाची नव्हती. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 अन्वये पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. बी.ए.एम.एस. पदवीने आपल्याला माणसाची नाडी पाहण्याचा अधिकार दिला, बैलाच्या खुराचा नव्हे. औषधनिर्मितीचे तसे नाही: औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे औषधनिर्मात्याला पशूंसाठी शास्त्रोक्त औषध रीतसर परवान्याने बनविता येते. याच कायद्याखालील नियमांच्या अनुसूची ई (1) मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत, पारद आणि हरताळ यांच्या पंक्तीत तुत्थही आहे. तरीही आपल्यापैकी काही दुकानांतून मोरचूद आजही कागदाच्या पुडीत, नाव नाही, प्रमाण नाही, सूचना नाही अशा अवस्थेत दिला जातो. 1 किलो मोरचुदात सुमारे 250 ग्रॅम तांबे असते. 100 लिटर द्रावणाला 5 किलो मोरचूद लागतो. म्हणजे सव्वा किलो तांबे. ते द्रावण शेवटी ओतले जाते ते शेताच्या बांधावर, आणि तांबे मातीतून सहज जात नाही. औषधालयचालक बंधूंना आमची विनंती आहे की, ताम्रनालाच्या पट्टीचा विचार करण्यापूर्वी या पुडीवर पट्टी लावावी: द्रव्याचे नाव, ‘विषारी’ हा शब्द, ‘मेंढ्यांपासून दूर ठेवा’ ही सूचना आणि ‘पशुवैद्यकाच्या सल्ल्याने’ हे तीन-चार शब्द. एवढ्याने आमच्या त्या शेतकऱ्याने कदाचित प्रमाण विचारून घेतले असते.

नालाविषयी आणखी थोडे. आमच्या परिसरातील एका वृद्ध नालबंदांना आम्ही मुद्दाम भेटलो. पूर्वी ऊसतोडीच्या तोंडावर बैलांना पत्र्या मारण्यासाठी त्यांच्या दारात रांग लागे. बैलाचे खूर दुभंगलेले, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. आता ट्रॅक्टर आले, 2006 मध्ये येथे विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, माळाच्या जागी रस्ते झाले. बैल कमी झाले. जे घोडे उरले ते डांबर आणि काँक्रीटवर चालतात. तांब्याचा नाल म्हटल्यावर ते हसले. शुद्ध तांबे मऊ. डांबरावर ते किती दिवस टिकणार? मिश्रधातू घ्यावा तर किंमत लोखंडाच्या अनेक पट. “आणि रात्री घोडीच्या पायातला नाल चोरीला गेला तर?” त्यांचा हा प्रश्न आम्ही कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात पाहिला नाही. त्यात आम्ही रसायनशास्त्राची भर घालतो: तांब्याच्या नालात साधा लोखंडी खिळा मारल्यास मूत्राच्या ओलाव्यात दोन धातूंमुळे लोखंड झपाट्याने गंजते आणि खिळ्याचे डोके आधी झिजते. नाल शाबूत राहतो, पण पायातून निसटतो.

आणि मुळात आपला जिल्हा पर्जन्यछायेचा. येथे खूर कुजतो तो पावसाने कमी आणि तबेल्याच्या जमिनीने अधिक. उन्हाळ्यात तर खुरांना चिरा पडतात. त्यावर तांब्याचा नाल काहीच करू शकत नाही. खुराचे केराटिन नीट बांधले जाण्यासाठी शरीराला तांबे लागते हे खरे, पण ते चाऱ्यातून आणि जस्ताच्या जोडीने. पायाखालून ते मिळत नाही. लाळ-खुरकुतीचा तर येथे संबंधच नाही. तो विषाणूचा रोग आहे आणि त्याला लसीकरणच हवे. तरीही तिन्ही अवस्थांना गावात एकच शब्द वापरला जातो: ‘खुरं गेली’. एका शब्दाखाली तीन रोग आल्यावर एका धातूखाली तीन उपाय यावयास वेळ लागत नाही.

आम्ही ताम्रनालाच्या विरोधात नाही. अंकलीहून आळंदीला आणि तेथून पंढरीला पायी येणाऱ्या माउलींच्या अश्वांपासून अकलूजच्या घोडेबाजारापर्यंत खुरांचा प्रश्न आपल्या भागात जिवंत आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेला आपल्या संघटनेने रीतसर पत्र पाठवावे, असे आम्ही सुचवितो. प्रयोग कठीण नाही. एकाच घोड्याच्या मागील एका खुराला ताम्रमिश्रधातूचा नाल, दुसऱ्याला लोखंडी. तबेला तोच, चारा तोच, नालबंद तोच. एक संपूर्ण पावसाळा. आणि तपासणारा असा की ज्याला कोणत्या पायात काय होते हे नाल काढल्यानंतरही सांगितले जाणार नाही. अशा दहा-वीस घोड्यांवर फरक दिसला, तर तो जगाला सांगताना आपल्याला कोणत्याही पट्टीची गरज पडणार नाही. न दिसल्यास तेही याच नियतकालिकात छापावे. तोपर्यंत आमच्या स्नेह्यांना आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि ते त्यांना रुचलेले नाही.

घोडीचे काय झाले, हे वाचकांना विचारावेसे वाटले असेल. आम्ही तिला हात लावला नाही. गृहस्थांना पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठविले. डॉक्टरांनी नाल काढविले, कुजलेला भाग खरवडला, तबेल्यातील मुताला उतार काढून जमीन कोरडी ठेवावयास सांगितले आणि खूर रोज साफ करून तेथे लावण्यासाठी एक द्रावण दिले. नालबंदांनी पुन्हा लोखंडी नालच ठोकले. दिवाळीनंतरच्या पहिल्या वरातीला घोडी उभी राहिली. गुडघ्यांसाठी पुन्हा आले तेव्हा गृहस्थांनी पिशवीतून ती बाटली काढून आमच्यापुढे ठेवली. द्रावण निळे होते, आणि बाटलीवर प्रमाण लिहिलेले होते.

“बघा,” ते म्हणाले, “तांबंच की हे.”