आजींनाही नेता येईल असे बेट

होळी सरली आणि मार्चअखेरचे हिशेब हातावेगळे झाले की आपल्या घरांतून सुटीतल्या प्रवासाची बोलणी सुरू होतात. नातवंडे समुद्र मागतात, सुनांना गर्दीचा कंटाळा आलेला असतो आणि दुकान किती दिवस बंद ठेवता येईल याची आकडेमोड मुलगा मनातल्या मनात करीत असतो. बोलणी रंगात आली की आजी हळूच म्हणतात, "तुम्ही सगळे जा. माझा चौविहार, माझे उकाळलेले पाणी. तुमची उगाच अडचण. मी घर सांभाळते." सगळे क्षणभर गप्प होतात आणि मग आजींना वगळून तिकिटे निघतात. हे वाक्य बोलण्याची वेळ आजींवर येऊ नये असा प्रवास आखता येतो का, या दृष्टीने यंदा लक्षद्वीपचा विचार करावा असे सुचवावेसे वाटते.

मराठी माणसाला बेट म्हटले की प्रथम अंदमान आठवते. सेल्युलर जेलमुळे ते स्वाभाविकही आहे आणि एकदा तरी तिथे जावेच. पण रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या कुटुंबाने आधी सूर्याचे वेळापत्रक पाहावे. साऱ्या देशाचे घड्याळ एक असले, तरी सूर्य ते मानीत नाही. अंदमान पूर्वेला दूर असल्याने एप्रिलच्या अखेरीसही पोर्ट ब्लेअरला साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. सहलीच्या बोटी धक्क्याला लागून माणसे खोलीवर पोहोचतात तीच ही वेळ, आणि त्या वेळी हॉटेलच्या स्वयंपाकघरात रात्रीच्या जेवणाची तयारीही सुरू झालेली नसते. लक्षद्वीप त्याउलट पश्चिमेला आहे. आगत्ती बेटावर त्याच दिवसांत सूर्य मावळायला सातला थोडीच मिनिटे उरलेली असतात; वर्ध्यापेक्षाही पाव तास उशिरा. सव्वासहाला पान वाढले तरी आजींचे जेवण निवांत होते आणि नातवंडांना समुद्रातून घाईने बाहेर ओढावे लागत नाही. नवकारशीवाल्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की सकाळी सूर्योदयालाच साडेसहा होत येतात. म्हणजे पारणे सव्वासातच्या आसपास.

या द्वीपसमूहात एकूण ३६ बेटे, त्यांपैकी जेमतेम दहांवर वस्ती, आणि सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. आपल्या वर्धा जिल्ह्याचे दोनशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा साधारण एवढा होईल. 'शांत' म्हणजे निर्जन अशी कल्पना करून कोणी गेला तर मात्र फसेल. २०११ च्या जनगणनेत तिथे ६४,४७३ माणसे होती. वस्तीची दाटी आपल्या जिल्ह्याच्या दसपट. तरीही तिथे गलबला नाही, कारण बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय प्रवेश नाही. रहिवासी बहुतेक सर्व मुस्लिम, आणि पर्यटकांसाठी राखलेले बंगारम बेट सोडले तर दारूबंदी. सहलीच्या ठिकाणी संध्याकाळ झाली की शेजारच्या टेबलावर काय उघडले जाते याने ज्यांचे मन विटते, त्यांना ही गोष्ट मोठीच वाटेल.

कधी जावे, याचे उत्तर समुद्रानेच देऊन ठेवले आहे. मेच्या मध्यापासून तो खवळू लागतो आणि पावसाळाभर पर्यटन जवळजवळ थांबते. साधुसाध्वींचा विहार थांबण्याच्या सुमारासच तिथल्या पर्यटकांच्या होड्याही किनाऱ्याला ओढलेल्या असतात. ऑक्टोबरनंतर हवा उत्तम, पण तेव्हा आपल्याकडे दिवाळी, वहीपूजन आणि पाठोपाठ कापसाचा हंगाम. हिंगणघाट-पुलगावकडच्या ज्या घरांचा जिनिंगशी संबंध आहे, त्यांना डिसेंबरात घराबाहेर पडा म्हणणे म्हणजे थट्टाच. उरतो एप्रिल आणि मेचा पहिला आठवडा. त्यातही कोणाची चैत्री ओळी, कोणाच्या घरी अक्षय तृतीयेचे पारणे. ते सांभाळून सहा-आठ दिवस काढावेत. दमट उकाडा असतो, पण वर्ध्याचे पंचेचाळीस अंश सोसणाऱ्याने त्याची तक्रार करू नये.

प्रवास कोचीहून होतो. नागपूरहून केरळ एक्सप्रेसने एर्नाकुलम गाठायला सुमारे सव्वा दिवस लागतो. कोचीत एक दिवस मोकळा ठेवावाच, कारण जहाजांच्या वेळा बदलतात. तो दिवस वायाही जात नाही. मट्टांचेरीच्या गुजराती रस्त्यावर १९०४ साली बांधलेले श्री धर्मनाथांचे मंदिर आहे. आपल्यासारख्याच व्यापारी घराण्यांनी परक्या बंदरात पेढ्या थाटल्या आणि आपला आहार-आचार पिढ्यानपिढ्या टिकवला, ते या भागात फिरताना कळते. दर्शन झाले की पुढच्या दिवसांचा कोरडा शिधाही याच वस्तीत भरून घ्यावा.

कोचीपासून बेटे २२० ते ४४० किलोमीटर. जहाजाला बेटागणिक चौदा ते वीस तास लागतात. जहाजाचा प्रवास मुलांना आयुष्यभर आठवेल. श्रीपाळ राजाची आणि धवल शेठच्या गलबतांची कथा डेकवर बसून सांगण्यात जी गंमत आहे ती दिवाणखान्यात नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना एक अडचण आधी स्पष्ट सांगावी. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा असल्याने मोठे जहाज पुष्कळदा बाहेरच्या खोल पाण्यात थांबते आणि तिथून हलत्या लहान होडीत उतरावे लागते. खलाशी हात धरतात, तरीही गुडघे दुखणाऱ्याला ती उडी सोपी नाही. अशांनी कोचीहून आगत्तीचे लहान विमान धरावे. दीड तासाचे काम आहे, आणि मग बेटे मोजीत फिरण्याऐवजी आगत्तीवरच मुक्काम करावा. पाच दिवसांत चार बेटे 'करून' येणाऱ्यांचे कौतुक आम्हांला कधी वाटले नाही.

जेवणाचा प्रश्न खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. बेटांचे मुख्य अन्न मासा आणि नारळ. ट्युना मासा गळाने पकडणे हा त्यांचा वंशपरंपरागत उदरनिर्वाह. धक्क्यावर मासळी सुकत असेल, तिचा वास येईल. आपण त्यांच्या अंगणात पाहुणे आहोत. तिथे नाकाला रुमाल लावणे हीदेखील एक हिंसाच. आपल्या ताटाची व्यवस्था मात्र आपण आधी करावी. मुक्काम ठरवतानाच लेखी कळवावे: सूर्यास्तापूर्वी जेवण, कांदा, लसूण, बटाटा नको, भांडे वेगळे. केवळ 'व्हेज' म्हणून भागत नाही, कारण केरळी पद्धतीच्या सांबारात व भाजीत लहान कांदे असतातच. इडली-अप्पमचे पीठ आदल्या रात्री आंबवलेले. ज्यांना वासी चालत नाही त्यांनी पुट्टू मागावा. तांदळाचे पीठ आणि ओले खोबरे नळीत वाफवून तो ताजा केला जातो, आणि सोबत केळे किंवा साधे उकडलेले मूग घेता येतात. शिवाय दशम्या, खाखरे, भाजलेले पोहे, मुगाची डाळ असे चार दिवसांचे घरचे सोबत असले की आचाऱ्यावर आणि आपल्यावरही ताण येत नाही. वेष्टने मात्र पिशवीत घालून परत आणावीत; चिंचोळ्या बेटावर कचरा टाकायला जागा कुठून असणार?

पाण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. तिथे नदी नाही, ओढा नाही. वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की विहीर खारट होते. म्हणून राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्तीला एक संयंत्र उभारले. वरच्या थरातले कोमट पाणी निर्वात जागेत वाफ होते आणि शेकडो मीटर खोलातून आणलेल्या थंड पाण्याने तिचे पुन्हा पाणी होते. क्षमता रोज एक लाख लिटर. कवरत्तीची वस्ती अकरा हजारांवर आहे. माणशी नऊ लिटरही येत नाहीत. आजी घरी नळ बारीक ठेवायला सांगतात तेव्हा हसणाऱ्या नातवंडांना हा हिशेब तिथे घालायला द्यावा. उकाळलेल्या पाण्यासाठी विजेची लहान किटली जवळ असली की पुरे. वीज कधी जाते, म्हणून सकाळीच भरून ठेवावे.

मुलांसाठी तळाला काच असलेली होडी हे मोठेच सुख. खालचे रंगीत झाड, झाड नव्हे, सजीवांची वसाहत आहे. जोतिषी अंगठीत घालायला सांगतात ते पोवळे याच जातकुळीचे, ही गोष्ट सराफीच्या घरातल्या मुलांनाही बहुधा ठाऊक नसते. समुद्र जास्त तापला की हे प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपने ते पाहिले आहे. त्यांवर पाय ठेवू नये. तुकडा उचलून आणणे तर वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. रिकामा शंखही तिथेच राहू द्यावा. एक जातीचा खेकडा अशाच रिकाम्या शंखात संसार मांडतो. आणि 'मासेमारीचा अनुभव' म्हणून पर्यटकांना विकली जाणारी फेरी आपण घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

राहता राहिला परवाना. तो १९६७ च्या नियमांनुसार लागतो आणि प्रत्येक माणसाचा स्वतंत्र असतो. ओळखपत्र, छायाचित्र आणि बेटावरच्या मुक्कामाची व्यवस्था एवढे आधी हवे. तपासणीला वेळ लागतो, म्हणून तिकिटांच्या आधी हे काम हाती घ्यावे. सगळ्यांची छायाचित्रे काढायला दुकानात जाल तेव्हा आजींनाही बरोबर न्या. त्या नको म्हणतील, तरी न्या.