अखाजीचे शेवटचे दोन दिवस

मैत्रिणींनो, आपल्या खान्देशात अखाजीला लेकीने माहेरी जायचं असतं. झोका, आमरस, पुरणपोळी, पितरांची घागर. पण माहेरच गाव सोडून गेलं तर? माझा थोरला भाऊ बारा वर्षांपूर्वी कामासाठी सुरतेला गेला, मागोमाग आईही गेली. गावच्या घराला कुलूप आहे. माझं माहेर आता बमरोलीत, पांडेसऱ्याच्या शेजारी, मागांच्या खडखडाटात दोन खोल्यांचं. यंदाही चार वर्षांच्या लेकीला घेऊन आठ दिवस राहून आले.

पहिले सहा दिवस कसे सरले कळलं नाही. शेवटचे दोन मात्र जड गेले. भावाची रातपाळी सुरू झाली होती. यंत्रमागाच्या कारखान्याला तिकडे ‘खातं’ म्हणतात. संध्याकाळी सातला खात्यावर जायचं, सकाळी सातला परत यायचं. बारा तास उभ्याने माग सांभाळायचे. मजुरी मीटरवर, जेवढं कापड निघेल तेवढे पैसे, खाडा झाला तर तेवढी मजुरी गेली. त्यामुळे दिवसाची त्याची झोप म्हणजे घराची भाकर. सगळं घर दबक्या आवाजात बोलतं. वहिनी दाराशी बसून साड्यांना खडे चिकटवते, तेही आवाज न करता.

पण चार वर्षांच्या पोरीला हे कसं कळावं? सातव्या दिवशी दुपारी तिने खड्यांचा डबा सांडला आणि घाबरून भोकाड पसरलं. भाऊ दचकून उठला. मी काही विचार न करता तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी रडायची थांबली आणि आजीच्या पदराआड गेली. वहिनी मुकाट्याने खडे वेचत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची नव्हती. आपल्या येण्याने भावाची झोप मोडते, वहिनीचं काम अडतं, ही माझीच टोचणी मी तिच्या पाठीत उतरवली होती.

भाऊ एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यावरून आला, अंघोळ केली आणि भाचीला म्हणाला, “चल, समुद्र दाखवतो.” मी म्हटलं, “अरे, झोप आधी.” तो म्हणाला, “झोप रोजची आहे, ती उद्या जाणार.” डुमसची काळी वाळू बघून लेक म्हणाली, “मामा, ही वाळू धुवायची राहिली का?” इतक्या दिवसांत भाऊ पहिल्यांदा मोठ्याने हसला. परतताना रिक्षात दोघंही झोपले होते, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर.

त्या रात्री मी आईला म्हटलं, “चल ना माझ्याबरोबर नंदुरबारला, महिनाभर.” ती म्हणाली, “नातवाची शाळा, सुनेचं काम, मी कशी येऊ?” आणि मग आमच्या अहिराणीत, “आजून दोन दिन ऱ्हाय ना वं.” पाहुणीला घराचा भार वाटत होता, आणि घराला तिच्या जाण्याचा.

सकाळी वहिनीने ओटी भरली. लेकीच्या मुठीत चार चमकते खडे ठेवले. उधन्याहून गाडीत बसलो. हा तापी खोऱ्याचा रेल्वेमार्ग शंभर वर्षांहून जुना. खान्देशातली किती घरं त्याने सुरतेला नेली असतील! नवापूर आलं. 1 मे 1960 रोजी दोन राज्यं वेगळी झाली, ती सीमा या स्टेशनातूनच जाते. फलाटावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग मामा तिकडच्या बाजूला बसेल, मी इकडच्या.”

मैत्रिणींनो, लेकरं घेऊन माहेरी जाताना मीही आता एक ठरवलंय. दिवस कमी राहीन, पण भावाची दिवसपाळी असेल तो आठवडा विचारून जाईन. आणि जाणं मात्र सोडणार नाही. धपाट्याची माफी मी गाडीतच मागितली. लेकीने एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.