दावण राखा

आश्विन वद्य द्वादशीस सवत्स धेनूची पूजा करून ज्या दीपोत्सवाचा आपण आरंभ करतो, त्या उत्सवाचा हा अंक वाचकांच्या हाती देताना, अवर्षणाच्या वर्षी त्याच धेनूच्या गोठ्याची काय अवस्था होते, याचे स्मरण करून देणे आम्ही आमचे प्रथम कर्तव्य समजतो.

1972 च्या दुष्काळात, पुढील वर्षीच्या मे महिन्यात, सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. त्या दारुण अनुभवातूनच 1977 चा रोजगार हमी कायदा सिद्ध झाला, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. परंतु खडी फोडून मिळालेल्या मजुरीत माणसांची भाकरी भागली, तरी दावणीच्या जित्राबास वैरण पुरत नाही. आणि कडबा दुर्मिळ झाला, की पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली खिल्लार जोडी पडेल त्या भावाने बाजारात उभी करावी लागते. मग पाऊस आला तरी पेरणीस बैल नसतात, दुधाचा आधार तुटलेला असतो, आणि एका वर्षाचे अवर्षण त्या घरात कैक वर्षे ठाण मांडून बसते. म्हणून मुक्या जीवास वाचविणे ही भूतदया तर आहेच, पण कुटुंब वाचविण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपायही आहे.

2012-13 साली माणदेशात व मराठवाड्यात उघडलेल्या चारा छावण्यांनी कितीतरी दावणी राखल्या, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तथापि जनावरांपाशी घरचे कोणी छावणीत राहिले, की संसार दोन ठिकाणी विभागतो. भूमिहीनाची शेळी, धनगराची मेंढरे यांचा विचार मागाहून होतो. आणि वाडीची राखण करणाऱ्या इमानी कुत्र्यासाठी तर छावणीच्या दफ्तरात रकानाच नसतो. पैसेवारी ठरते, पंचनामे होतात, जमीन महसुलास सूट वा तहकुबी मिळते. पण उपाशी जनावर मंजुरीची वाट पाहत जगू शकत नाही.

यास्तव आमचे सांगणे एवढेच, की मदत बाजाराच्या दिवसाआधी पोहोचली पाहिजे. बागायतदारांनी उसाचे वाढे व कडबा आताच राखून ठेवावा, ग्रामपंचायतींनी टँकरच्या पाण्यात हौदाचा वाटा धरावा, आणि शहरवासी वाचकांनी यंदाच्या दिवाळीच्या खर्चातून आपल्या मूळ गावातील एका तरी दावणीच्या वैरणीचा भार उचलावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.