उशाशी कारंजं

भेटवस्तूंच्या दुकानात हल्ली टेबलावरचं कारंजं हमखास असतं. एका मडक्यातून दुसऱ्यात पडणारं पाणी, खाली निळा दिवा, मधोमध गरगरणारा काचेचा गोळा. ‘बेडरूममध्ये ठेवा, पैसाही येईल, झोपही लागेल,’ म्हणत दुकानदार ते गळ्यात मारतो. गंमत म्हणजे फेंगशुईवाले बहुतेक जण नेमकं उलट सांगतात. पाणी म्हणजे संपत्ती खरी, पण ती दिवाणखान्यात. वाहतं पाणी यांग, म्हणजे हालचालीचं. झोपायची खोली यिन, विसाव्याची. तिथं पाणी आलं की झोप मोडते, आहे तो पैसाही जातो, अशी समजूत. काहींना पलंगामागे धबधब्याचं चित्रसुद्धा चालत नाही.

या विद्येचा जुना ग्रंथ ‘झांगशू’ चौथ्या शतकातल्या क्वो पू या चिनी विद्वानाच्या नावावर सांगतात. त्याचा विषय थडग्याची जागा. ‘ची’ ही ऊर्जा वाऱ्यानं पांगते, पाण्यापाशी थांबते, म्हणून डोंगर आणि नदी बघायची. तिथून प्लगला जोडलेल्या पंपापर्यंत म्हणजे पाणी बरंच उताराला लागलं!

‘ची’वर माझा काडीचा विश्वास नाही, पण बेडरूमचा नियम पटतो. पाणी आटलं की तो पंप रात्री कसा खरखरतो, ते एकदा ऐकाच. पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना आधीच कुबट वास, त्यात आणखी ओल कशाला? वन रूम किचनवाल्यांची मात्र पंचाईत. सोफा-कम-बेड उघडला की हॉलमधला फिशटँक आपसूक बेडरूममध्ये!

खरी भीती डासांची. क्षार साचून पंप बंद पडतो, पाणी तसंच राहतं. डेंग्यूच्या एडिस डासाला असंच स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला 8-10 दिवस पुरतात. 2001 साली कॅलिफोर्नियात एडिसच्याच जातकुळीतला एशियन टायगर डास पोहोचला, तो चीनहून पाण्यात ठेवून पाठवलेल्या ‘लकी बांबू’बरोबर. (तो बांबू नव्हेच; आफ्रिकेतली ड्रेसिना.) आणि पाणी नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. दर आठवड्याला भांडं घासावंच लागतं.

पालिकेचा माणूस बॅटरी घेऊन येतो, तो ईशान्य-आग्नेय विचारत नाही. फ्रिजमागचा ट्रे ओढतो, मनीप्लांटची बाटली तिरकी करतो आणि अळी वळवळताना दिसली की नोटीस हातावर ठेवतो.