गाणं नेमकं कोणाचं?

बालदोस्तांनो, बँजो म्हटलं की तुम्हाला वरातीतला बँजो आठवेल. हा तो नव्हे! हा अमेरिकेतला, गिटारचा चुलतभाऊच म्हणा ना. २००८ मध्ये 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकन बँडच्या संगीतात त्याच्यासारख्या सुरांची एक छोटीशी धून होती. दहा वर्षांनी नेदरलँड्समधल्या एका तरुणाने ती उचलली, संगणकावर तिला ताल जोडला आणि 'यंगकिओ' या टोपणनावाने इंटरनेटवर विकायला ठेवली. अमेरिकेतल्या एका मुलाने ती ३० डॉलरना घेऊन तिच्यावर गाणं रचलं. (दोघांची भेट? छे, नावसुद्धा नाही!) त्याचंही टोपणनावच : लिल नास एक्स. ते 'ओल्ड टाउन रोड' २०१९ मध्ये बिलबोर्डच्या यादीत सलग १९ आठवडे पहिलं होतं!

पण मूळ धून घेताना बँडला विचारलं होतं का? नाही. मला हे खटकतं बुवा. गाणं गाजल्यावर बोलणी झाली, मग ट्रेंट रेझ्नर आणि ॲटिकस रॉस यांची नावं गाण्याच्या रचनाकारांत आली.

तुमच्या गॅदरिंगच्या नाचाचं गाणंही कुणीतरी 'मिक्स' केलेलं असतं. त्यातली मूळ चाल कोणाची, ते शोधा आणि मला कळवा.