शोभेचा गप्पी आणि गावचे तळे

नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० नंतर ज्यांच्या जमिनी गेल्या व अंगणापुरतीच जागा उरली, अशा शेतकरी बंधूंनी काचेच्या टाकीत शोभेचे गप्पी मासे वाढविण्यास हरकत नाही. भांडवल अल्प लागते. मादी अंडी न घालता सुमारे चार आठवड्यांनी जिवंत पिलेच देते. नराशी एकदा संबंध आला की ती कित्येक महिने पुन्हा पुन्हा विते. म्हणून जात शुद्ध राखावयाची तर नर-माद्या ओळखू येताच वेगळ्या कराव्यात, आणि बियाण्याप्रमाणे उत्तम तेवढेच राखावे.

प्रश्न आहे तो उरलेल्या निकस माशांचा. ते विहिरीत वा तळ्यात सोडणे आम्हांस सर्वथा गैर वाटते. १९०८ साली हिंदुस्थानात आलेला गप्पी डासांच्या अळ्या खातो, हे खरे. परंतु ते काम आपला देशी पिकू पूर्वापार करीत आहे. परका मासा एकदा माजला की हटत नाही, व देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होतो. शेतात कुंदा कोणी हौसेने लावीत नाही. तळ्यासही तोच न्याय लावावा. निकस मासे टाकीतील मोठ्या माशांस खाद्य म्हणून द्यावे, हेच आम्ही सुचवितो.